सर्व्हर वाढतात, कमी होतात, परत वाढतात... काय करू?

प्रश्न: लोड बघून स्वतःच सर्व्हर वाढवणारी-कमी करणारी सिस्टीम लिहिलीये. सीपीयू ७० टक्क्यांवर गेला की एक वाढव, ६० च्या खाली आला की एक काढ, दर मिनिटाला चेक. पण दिवसभर नुसतं दोन-तीन, दोन-तीन चालू असतं, लोड तेवढाच असला तरी! मशीन लर्निंग लावू का?

उत्तर: अहो मशीन लर्निंग राहू द्या, आधी कागद-पेन घ्या. २ सर्व्हर ७५ टक्क्यांवर चाललेत म्हणून तुमचा नियम तिसरा आणतो, तेवढंच काम तिघांत वाटलं की प्रत्येकी ५० होतात, ५० म्हणजे ६० च्या खाली, मग लगेच एक काढला की परत ७५! सिस्टीम बिचारी सांगितलंय तेच करतीये. खालची मर्यादा ४० करा, ३ सर्व्हर ४० वर असताना एक काढला तरी उरलेल्यांवर ६०च येतात.

नवा सर्व्हर कामाला लागायला किती वेळ लागतो तेही मोजा, ३ मिनिटं लागत असतील तर पहिला तयार होईपर्यंत तुमचा नियम अजून दोन मागवून बसतो. म्हणून बदल केला की थोडं थांबायचं.

वाढवताना मात्र घाई चालते, कमी करताना नाही. कुबरनेटीस (बऱ्याच सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी सिस्टीम) डिफॉल्टमध्ये मागच्या ५ मिनिटांत प्रोग्रॅमच्या जास्तीत जास्त जेवढ्या कॉपी लागतील असं वाटलं तो आकडा धरूनच कमी करतं. इंटरनेटवर नेमकं उलटं आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली लॅब आणि जेमतेम ४०० यार्डांवरची बर्कली युनिव्हर्सिटी यांच्यातला स्पीड सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला, कारण गर्दी झाली तरी कॉम्प्युटर तेच तेच परत पाठवत सुटले होते. १९८८ मध्ये त्याच लॅबमधल्या व्हॅन जेकबसन यांनी मांडलेला उपाय म्हणजे स्पीड वाढवायचा हळूहळू, गर्दी दिसली की कमी करायचा झटकन. थोडक्यात चूक झाली तर कमी नुकसान ज्या बाजूला, तिकडे पटकन जायचं.

आणि हो, मॉनिटरिंग बंद पडून आकडाच आला नाही तर तुमचा कोड काय करतो? शून्य समजत असेल तर तो चालू सर्व्हर काढत बसेल (मी हे करून बसलोय, रात्री दोनला). आकडा नाही तर बदल नाही, हे आजच कोडमध्ये टाका.