कमी कर्बोदकांच्या आहाराने आयुष्य घटते, ही २०१८ सालची बातमी खरी मानावी का?

जशीच्या तशी नाही, कारण मथळ्यांनी मूळ निष्कर्षाचा अर्धाच भाग उचलला होता. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मधील त्या अभ्यासात अमेरिकेतील १५,४२८ प्रौढांचा सुमारे २५ वर्षे मागोवा घेतला गेला, एकूण उष्मांकांपैकी ५० ते ५५ टक्के कर्बोदकांतून घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका सर्वांत कमी आढळला आणि त्याहून बरीच कमी किंवा बरीच जास्त कर्बोदके घेणाऱ्या, अशा दोन्ही गटांत तो वाढलेला होता. खरी महत्त्वाची बाब अशी की कर्बोदकांची जागा मांसाने घेतल्यास धोका वाढलेला दिसला, तर दाणे, सुकामेवा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी घेतल्यास घटलेला. मात्र आहाराची माहिती प्रश्नावलीतून केवळ दोनदा घेतलेली असल्याने आणि मुळात हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.