ज्यांना काही जपायचं असतं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण सावकाश वाचलं. मेहनत दिसते, आकडेही नेटके लावले आहेस. पण मध्येच तू लिहून गेली आहेस की लोक परंपरावादी पक्षाला मत देतात ते प्रचाराला भुलून. ते वाक्य खोडून टाक असं मी म्हणत नाही. सिद्ध कर, एवढंच म्हणते. आणि मला वाटतं, वह्या बाजूला ठेवून नंदानगरच्या किंवा लोकमान्यनगरच्या गल्लीत बसलीस तर ते तुझ्याच हातून गळून पडेल. प्रचार असतो, पैसा असतो, हे कोण नाकारतं? पण प्रचार सगळेच पक्ष करतात. आपल्या इंदूरची लोकसभेची जागा 1989 पासून 2024 पर्यंत एकाच पक्षाकडे, भाजपकडे राहते, तेव्हा त्यामागे भुलण्यापलीकडचं काहीतरी असणारच.

माझं स्वतःचं मत कुणाला जातं हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही. तुझं मतही मला बदलायचं नाही. मतदाराला समजून न घेता त्याच्यावर प्रबंध लिहू नये, एवढ्याच काळजीनं लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. परंपरावादी पक्षाला मत देणाऱ्या माणसाला त्याची विचारसरणी विचारू नकोस. त्याच्याकडे असं काय आहे जे जाईल अशी त्याला धास्ती वाटते, ते शोध. कुणाकडे दुकान असतं, कुणाकडे नुसता मान. कुणाकडे देव्हारा असतो, कुणाकडे गल्लीतली एक ओळख. गरिबाकडे गमावण्यासारखं काही नसतं, हा शिकलेल्या माणसांचा गैरसमज आहे. ज्याच्याकडे थोडंच असतं तो ते फार घट्ट धरतो.

परंपरेची बाजू मांडणारा ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्क तू वाचला आहेस. फ्रान्समधल्या क्रांतीवर 1790 मध्ये त्यानं जे लिहिलं त्याचा गाभा असा, की समाज म्हणजे फक्त आज जिवंत असलेल्यांचा करार नव्हे, गेलेल्यांचा आणि अजून जन्माला न आलेल्यांचाही त्यात वाटा असतो. परीक्षेत आपण हे लिहितो आणि विसरतो. पण आजोबांनी लावलेली पूजा नातवानं मोडू नये असं म्हणणारी आपली एखादी आजी बर्कचं नाव न ऐकता तेच म्हणत असते. या विचाराला आधी प्रामाणिकपणे समोर बसव. मग त्याच्याशी हवं तेवढं भांड.

ब्रिटनचं उदाहरण तू एका ओळीत उरकलं आहेस. तिथे थोडं थांबायला हवं. 1867 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह (परंपरावादी) पक्षाच्या डिझरायलीच्या पुढाकारानं शहरातल्या कामगारांच्या मोठ्या वर्गाला मताचा हक्क मिळाला. पुढे मजूर पक्ष उभा राहिला, तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथले साधारण एक तृतीयांश कामगार कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षालाच मत देत राहिले. त्यांच्याशिवाय तो पक्ष सत्तेवर येऊच शकला नसता. मग थॅचरबाईंच्या सरकारनं 1980 च्या कायद्यानं सरकारी घरांतल्या भाडेकरूंना ती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, आणि दहा वर्षांत दहा लाखांहून जास्त घरं विकली गेली. घर मिळालं की मत फिरतं, असा सोपा निष्कर्ष लोकांनी काढला. अभ्यासकांमध्ये मात्र वाद राहिला: घर घेतल्यामुळे माणसं त्या पक्षाकडे गेली, की त्या पक्षाकडे झुकलेल्यांनीच आधी घरं घेतली? हा प्रश्न तुझ्या प्रत्येक तक्त्याला विचार. आपल्याकडे, मध्य प्रदेशात, 1984 मध्ये अर्जुनसिंहांच्या काँग्रेस सरकारनं झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे पट्टे दिले. पट्टा मिळालेल्या घरांनी पुढे सगळ्या निवडणुकांत त्याच पक्षाला मत दिलं का? अशा एका वस्तीत विचारून ये. उपकार लोक विसरत नाहीत, पण दर पाच वर्षांनी तो मतानं फेडतही नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ, कारण तुझ्या प्रबंधाचा जीव इथेच आहे.

हे शहर एकेकाळी लाल होतं, हे तुझ्या पिढीला सांगूनही पटत नाही. कॉम्रेड होमी दाजी 1957 मध्ये इथून आमदार झाले आणि 1962 मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. एक पारशी कम्युनिस्ट, आणि त्याच्यामागे गिरण्यांचे हजारो मजूर. मालवा मिल, हुकुमचंद, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, भंडारी: या नावांवर शहराचा दिवस उगवायचा. त्याच मजुरांचं परदेशीपुरा आणि नंदानगर ज्या विधानसभा मतदारसंघात येतं, तो इंदूर दोन 1993 पासून भाजपकडे आहे, आणि मताधिक्य कधी कधी इतकं मोठं की बाहेरचा माणूस आकडा पुन्हा तपासून बघतो. तीच घरं, बरीचशी तीच कुटुंबं. मधल्या काळात काय झालं?

सोपं उत्तर असं की गिरण्या बंद पडल्या, युनियन संपली, पोकळी झाली आणि तिथे धर्म शिरला. यात तथ्य आहे, पण ते अपुरं आहे. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या हक्काच्या पैशाचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडलं. जवळजवळ 4,800 कामगारांचे 224 कोटी रुपये. वाट बघता बघता कितीतरी जण गेले. या बत्तीस वर्षांत भोपाळमध्ये दोन्ही पक्षांची सरकारं येऊन गेली. मत जर निव्वळ पोटाचा हिशेब असता, तर या गल्ल्यांनी दोघांनाही नाकारायला हवं होतं. त्यांनी तसं केलं नाही.

या कामगारांनी काय सोडलं नाही ते बघ. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे. भोंगा थांबला, पगार थांबला, गेटवर गवत उगवलं, आणि तरीही कामगारांच्या समित्या वर्गणी मागून, देणग्या गोळा करून झांक्या काढत राहिल्या. शंभर वर्षांची परंपरा त्यांनी तुटू दिली नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या हातात स्वतःचं असं जे उरलं होतं, ते रस्त्यावर रात्रभर सगळ्या शहराला दिसायचं. ज्या पक्षाचा माणूस त्या रात्री स्वागतमंचावर उभा राहिला, वर्गणीला धावला, समितीतल्या म्हाताऱ्याला नावानं हाक मारत राहिला, त्याला मत मिळालं. याला मी भुलणं म्हणणार नाही. युनियननं या माणसाला कामगार म्हणून मान दिला होता. गिरणीबरोबर तो मान गेला. दुसरा कुठला मान मिळेल तिकडे तो वळला. तुझ्या प्रबंधाचं सगळ्यात मोठं प्रकरण मला इथे दिसतं, आणि तू त्याला एक परिच्छेद दिला आहेस.

आपल्या मराठी घरांचं थोडं वेगळं आहे. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर. होळकरांच्या राज्यात आलेली कारकुनी, शिक्षकी, वकिली करणारी घरं. संस्थान गेल्यावर हिंदी मुलखात थोडकीच उरलेली. वाचनालय, गणेशोत्सव, शाखा, महाराष्ट्र साहित्य सभेचे कार्यक्रम, यांतून एकमेकांना धरून राहिलेली. भाजपच्या आधीच्या जनसंघाचं मध्य प्रदेशातलं संघटन बांधणारे कुशाभाऊ ठाकरे धारचे. प्रवास करत, कार्यकर्त्यांच्या घरी उतरत, जेवत त्यांनी ते बांधलं. अशा घरांना पक्ष म्हणजे जाहीरनामा नव्हता, घरी येणारा माणूस होता. त्यात आणीबाणी आली. ज्यांच्या घरचा कर्ता माणूस मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली तुरुंगात गेला, त्यांच्याकडे मत हा कायमचा घरगुती विषय झाला. आणि 1989 मध्ये चिपळूणहून सून म्हणून आलेल्या सुमित्राताई महाजनांनी प्रकाशचंद्र सेठींना हरवलं. राज्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे गृहमंत्री राहिलेले सेठी! ती धरून ताई सलग आठ वेळा निवडून आल्या. त्यांचं राजकारण पटो न पटो, आपल्या बायकांना त्यांच्यात ओळखीची बाई दिसत होती, हे तुझ्या विश्लेषणात आलंच पाहिजे.

शाहबानो प्रकरण तू दिल्लीच्या राजकारणात घातलं आहेस. अगं, ती बाई इंदूरची! नवरा इथलाच वकील, त्यानं तलाक दिलेला. पाच मुलांची आई, वय साठीच्या पुढे. इथल्या न्यायालयानं महिना 25 रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयानं ती 179 रुपये 20 पैसे केली. सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये तो निकाल कायम केला आणि 1986 मध्ये संसदेनं कायदा करून त्याची धार काढून घेतली. ज्या राजकीय परंपरेनं पन्नासच्या दशकात हिंदू विवाहाच्या कायद्यातल्या सुधारणांना विरोध केला होता, तीच आता सगळ्यांना एकच कायदा हवा असं म्हणू लागली. ही मागणी मुळात सुधारकांची. पण आपल्याला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, ही सल कितीतरी मध्यमवर्गीय मतदारांच्या मनात तेव्हा बसली आणि राहिली. परंपरावादी पक्षाकडे माणसं नेहमी जुनं टिकवायला जातात असं नाही. कधी न्याय होत नाही म्हणूनही जातात. तो अन्याय खरा की मानलेला, याचा निवाडा नंतर कर. आधी तो नोंदव.

रस्ते, वीज, पाणी यांवर मी फार लिहीत नाही. 2003 मध्ये काँग्रेसच्या दिग्विजयसिंहांच्या दहा वर्षांच्या मुख्यमंत्रिपदानंतर भाजपला 230 पैकी 173 जागा मिळाल्या, त्यात विचारसरणीपेक्षा खड्डे आणि अंधार जास्त होता. 2023 मध्ये जूनपासून लाडली बहना योजनेचे हजार रुपये महिन्याला बायकांच्या खात्यात पडू लागले आणि नोव्हेंबरातल्या निवडणुकीत भाजपच्या 163 जागा आल्या. त्याला एकटी योजना कारण होती असं कुणी सांगितलं तर तिथेही थॅचरबाईंच्या घरांचा प्रश्न विचार.

पण एक सांगते, आणि हे मनापासून सांगते. समजून घेणं म्हणजे सजवणं नव्हे. जपण्याच्या भावनेच्या आत द्वेषही वस्तीला असतो. शेजारच्या मोहल्ल्यातल्या माणसाला आपल्या घरात भाडेकरू म्हणून घ्यायचं नाही, त्याच्या दुकानातून घ्यायचं नाही, असं शांतपणे सांगणारी माणसं तुला भेटतील, चहाही देतील. ते ऐकून घे आणि जसंच्या तसं लिही. मऊ करू नकोस. तसंच, जी व्यवस्था एकाला जपावीशी वाटते तिनं दुसऱ्याला गावाबाहेर ठेवलं होतं, हे इंदूरमध्ये बसून विसरता येत नाही. बाबासाहेबांचं जन्मगाव महू इथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि तरीही महूची विधानसभेची जागा 2008 पासून भाजपकडे आहे. 14 एप्रिलला जन्मभूमीवर डोकं टेकवून येणाऱ्या कुणी तिथे काय विचार करून मत दिलं, हे त्याच्या तोंडून ऐकायला मिळालं तर तुझा प्रबंध कुठल्या कुठे जाईल. अंदाज मात्र करू नकोस.

2024 च्या इथल्या लोकसभेच्या निकालाला फार मोठा अर्थ लावू नकोस. काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला, भाजपला 11,75,092 चं मताधिक्य मिळालं आणि नोटाला (वरीलपैकी कुणीही नको, या पर्यायाला) 2,18,674 मतं पडली. अशा लढतीवरून मतदाराचं मन कळत नाही. पण ज्यांनी उन्हात रांगेत उभं राहून नोटा दाबलं, त्यांच्यातले दहा-वीस जण सापडले तर अवश्य बोल. त्यांनाही काही जपायचं होतं.

आता विचारायचं कसं, ते. मत कुणाला दिलं हे पहिल्या भेटीत विचारूच नकोस. घरात पहिलं मत कुणी, कधी दिलं, आधी घर कुणाचं होतं आणि बदललं तर त्या वर्षी घरी काय चाललं होतं, ते विचार. बहुतेक माणसं मत आधी देतात आणि कारण नंतर शोधतात, म्हणून पहिलं कारण लिहून घे आणि गप्प बस. दुसरं कारण थोड्या वेळानं येतं, तेच बहुधा कामाचं असतं. बायकांशी नवऱ्यासमोर बोलू नकोस. दुपारी जा, त्या मोकळ्या असतात तेव्हा. भाजपच्या पन्नाप्रमुखाला गाठ. मतदारयादीच्या एका पानावरच्या घरांत कोण आजारी, कुणाची मुलगी लग्नाची, कुणाचं रेशनकार्ड अडलंय, हे त्याला पाठ असतं. दुसऱ्या पक्षाचा असा माणूस त्या गल्लीत आहे का, तेही बघ. नसेल तर तीही एक नोंद आहे, आणि मोठी.

आणि तुझ्या बाबांशी बोल. तू लिहिलं आहेस की त्यांच्याशी या विषयावर बोलणं बंद झालंय. मुलाखतीच्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर घाल. वाद घालायला नको, वही घेऊन बस. तुझ्या आजोबांपासून सुरुवात कर, म्हणजे ते बोलतील.

गिरण्यांच्या प्रकरणाचा कच्चा मसुदा गणपतीआधी पाठव, म्हणजे चतुर्दशीच्या रात्री कुणाकुणाला भेटायचं ते ठरवता येईल. समितीतले काही जुने लोक माझ्या ओळखीचे आहेत. आधी फोन करून ठेवते.

तुझी,
काकू