अपघात की घातपात, हे ठरवण्याआधी

इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बायपासकडच्या मॅरेज गार्डनमध्ये गवत कापायच्या गाडीखाली माळ्याचा मृतदेह सापडला, पोलिसांनी मर्ग (म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद) कायम केला, वस्तीत दोन तट पडले आणि तुझ्या पेपरच्या डेस्कवरून तुला विचारणा सुरू झाली की अपघात म्हणायचं की घातपात. शेवटी तू मलाही विचारलं आहेस, "मावशी, तुला काय वाटतं?" मी ना तो देह पाहिला, ना ती गाडी, ना ती जागा. त्यामुळे माझ्या वाटण्याला काडीची किंमत नाही, आणि ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही अशा कुणाच्याच वाटण्याला तू ती देऊ नयेस. पण न्यायवैद्यकात माझा जन्म गेला. माळव्यात पावसाळा आला की ट्रॅक्टरखाली दबलेली माणसं आमच्याकडे यायची, आणि कोर्टात उलटतपासणीला उभं राहायचं तर यंत्राचीही माहिती करून घ्यावी लागायची. त्या जोरावर काय बघायचं आणि काय विचारायचं एवढं नक्की सांगू शकते.

लोकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा तू लिहिला आहेस तो असा: गाडी उलटली होती, माणूस खाली होता, मग इंजिन बंद केलं कुणी? ऐकायला बिनतोड वाटतं. पण बसून चालवायच्या या गाड्यांच्या सीटखाली एक स्विच असतो. पातं फिरत असताना चालक सीटवरून उठला किंवा फेकला गेला, की तो स्विच इंजिन बंद पाडतो. या गाड्या अमेरिकेत घरोघरी आहेत आणि तिथल्या मानकात ही सोय धरलेली आहे. कारणही तसंच आहे. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. शिवाय गाडी उलटी झाली की पेट्रोलचा पुरवठा बिघडून इंजिन तसंही बहुतेक वेळा बंद पडतं. तेव्हा बंद इंजिन हे अपेक्षितच आहे. चालू सापडलं असतं, तर मात्र सीटचा स्विच आधीच कुणी निकामी करून ठेवला होता का, हे मी पहिल्यांदा विचारलं असतं.

म्हणून इंजिनापेक्षा चावीकडे बघ. इंजिन बंद आणि चावी चालूवर असेल तर ते आपोआप बंद पडलं. चावीही बंदवर असेल तर ती फिरवणारा हात कुणाचा तरी आहे. तो हात बहुतेक वेळा पहिल्यांदा धावत आलेल्या माणसाचा असतो, आणि त्यात वावगं काही नाही, पण तो माणूस कोण हे पंचनाम्यात यायला हवं. पात्याची कळ लावलेली होती की सोडलेली? टाकीत पेट्रोल किती उरलं होतं? पुष्कळ गाड्यांना चालल्याचे तास दाखवणारा मीटर असतो, तो किती दाखवतो? देह बाहेर काढायला गाडी उचलावी लागलीच असेल. ती कुणी उचलली, आणि उचलण्याआधी कुणी मोबाइलवर फोटो काढला का? अशा फोटोत जे मिळतं ते नंतर दहा साक्षीदारांकडून मिळत नाही. आजकाल कुणी ना कुणी फोटो काढतोच. तो शोध, आणि मिळाला तर तुझ्या छापण्याआधी तो तपास करणाऱ्यापर्यंत पोहोचू दे.

मग जमीन. तुझ्या वर्णनावरून गाडी तळ्याच्या उतारावर पडली आहे. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलाय आणि आपली काळी माती ओली झाली की कशी असते हे तुला सांगायला नको. वरून गवत हिरवंगार आणि खाली चिखल, काठ तर वजन पडताच सुटतो. या गाड्यांच्या सूचनापुस्तकांत साधारण १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर चालवू नका असं असतं, आणि उतारावर आडवी न चालवता वर-खाली चालवा असंही असतं. १५ अंश म्हणजे १० फूट पुढे जाताना पावणेतीन फुटांच्या आतबाहेरचा चढ. डोळ्याला तो उतार काहीच वाटत नाही. मोबाइलवर उतार मोजता येतो, जाऊन मोज. कापलेल्या गवताचा पट्टा कुठे संपतो ते बघ, कारण त्याच्या शेवटच्या फेऱ्या त्या पट्ट्यातच लिहिलेल्या आहेत. चाकं घसरल्याची खूण आहे का, काठ ढासळलाय का? पट्टा सरळ चालत येऊन काठाशी तुटत असेल तर एक गोष्ट. गाडी जिथे पडली तिथपर्यंत चाकांचा मागच नसेल तर ती अगदी वेगळी गोष्ट, आणि ती तू तपास अधिकाऱ्याला सरळ विचारायला हवीस. हे लवकर कर. आणखी एक सर आली की ती जागा काही सांगणार नाही.

"इतकी वर्षं चालवतोय, तो पडेलच कसा?" या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. ट्रॅक्टरखाली आलेले बहुतेक जण जन्मभर ट्रॅक्टर चालवलेलेच होते.

देहाबद्दल मात्र नीट ऐक. तोंड काळंनिळं पडलं होतं, डोळे लाल होते, म्हणून गळा दाबला किंवा विष दिलं, असं आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या असं तू लिहितोस. त्यांनी पाहिलं ते खरं असणार. त्यातून काढलेला अर्थ मात्र तपासावा लागेल. छातीवर मोठं वजन पडून श्वास घेता आला नाही की चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग जांभळा पडतो, डोळ्यांत आणि कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. बाहेर दुसरी जखम अनेकदा जवळपास नसते. हे वर्णन जुनं आहे. पॅरिसच्या गर्दीत चेंगरून मेलेल्यांचे देह पाहून ओलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने १८३७ मध्ये ते लिहून ठेवलं. पाठीवरचे जांभळे डाग पाहून "मारलंय हो" म्हणणंही असंच. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला उतरतं आणि तिथे डाग दिसतात. ते मार लागल्याचे नसतात. गळती झालेलं पेट्रोल अंगावर राहिलं तर कातडी सोलवटते, ती भाजल्यासारखी दिसते.

पण म्हणून प्रत्येक वेळी अपघातच, असंही माझं म्हणणं नाही. आधी मारून मग यंत्राखाली घालणारी माणसं जगात आहेत, आणि घाईने मर्गाची फाइल बंद करणारे अधिकारीही आहेत. मी काय पाहून थबकले असते ते सांगते. ते रक्त उतरल्याचे डाग काही तासांनी पक्के बसतात, मग देह फिरवला तरी हलत नाहीत. देह पालथा सापडला आणि पक्के डाग पाठीवर असतील, तर मेल्यावर त्याला कुणीतरी हलवलं. पात्याने झालेल्या जखमांच्या कडांत रक्त साकळलेलं नसेल, तर पातं लागलं तेव्हा रक्ताभिसरण थांबलेलं असण्याची शक्यता धरावी लागते. मानेवर दोरीचा किंवा बोटांचा माग, मानेतल्या स्नायूंत रक्त, हातांवर वार अडवल्याच्या जखमा, चिखलात पडूनही स्वच्छ राहिलेले कपडे. यातलं काही असेल तर ते शवविच्छेदन करणाऱ्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. आणि हृदय उघडल्यावर रक्तवाहिनी बंद झालेली दिसली, तर दोन्ही तट चुकीचे. त्याला गाडीवरच झटका आला असेल आणि गाडी नंतर घसरली असेल.

रिपोर्ट हाती आला की त्यात "अपघात" किंवा "खून" हा शब्द शोधू नकोस. डॉक्टर मृत्यूचं कारण लिहितो, छाती दबून गुदमरणं वगैरे. ते कुणामुळे आणि कशामुळे घडलं हे तपासात ठरतं. "व्हिसेरा (म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव) राखून ठेवला" या ओळीवरून विषाची बातमी करू नकोस, कारण तो कितीतरी प्रकरणांत नेहमीचा भाग म्हणून ठेवतात आणि प्रयोगशाळेचं उत्तर यायला महिने जातात. मर्गाबद्दलही तसंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली ही चौकशी होते, त्याआधी ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ खाली व्हायची. तुझ्या पुण्याच्या मामाला हाच प्रकार अकस्मात मृत्यूची नोंद म्हणून ठाऊक असेल. त्यात कुणावर आरोप नसतो. पोलीस अहवाल २४ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पाठवतात आणि मृत्यूचं दिसतं ते कारण नोंदवतात. "मर्ग कायम" याचा अर्थ पोलिसांना संशय आहे असा तुझ्या बातमीतून निघता कामा नये.

आता त्या माळ्याचा भाऊ आणि बायको. भावाशी शेताच्या बांधावरून वाद होता, बायको रडली नाही. बाळा, शेताचा वाद नाही असं घर माळव्यात शोधून दाखव. आणि बाई कशी रडली यावरून तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा निकाल लावणाऱ्यांच्या शेजारी तू उभा राहू नकोस, ही माझी विनंती समज. पोह्याच्या ठेल्यावर बोललेलं संध्याकाळपर्यंत विरून जातं, पण तुझ्या पेपरात छापलेलं तिच्या मुलांच्या शाळेत पोचतं.

माणसं असं का करतात याचं फार नेमकं उत्तर न्यायालयाने देऊन ठेवलं आहे. हनुमंत गोविंद नारगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५२. मामला टेंडरातल्या बनावट कागदांचा, खुनाचा नाही. पण परिस्थितिजन्य पुरावा कसा तोलायचा, यासाठी आजही आधी तोच निकाल उघडतात. त्यात १८३८ च्या एका इंग्लिश खटल्यातला इशारा घेतला आहे. त्याचा आशय असा की घटना एकमेकींत बसवण्यात माणसाच्या मनाला सुख मिळतं, आणि बसत नसतील तर ते त्यांना थोडं ताणतं, मधली कमी असलेली कडी स्वतःच्या पदरची घालतं. अंदाज आणि संशय पुराव्याच्या जागी येऊन बसण्याचा धोका सांगून न्यायालयाने आरोपींना सोडलं. तुझ्या वहीत बंद इंजिन, निळं तोंड, बांधाचा वाद आणि न रडलेली बायको एका ओळीत आले आहेत. त्या ओळीतल्या कड्या कुणी घातल्या ते एकदा तपासून बघ.

मला खरी तळमळ आहे ती पुढच्या गोष्टीची. तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये ती कुठेच नाही. अपघात की घातपात या भांडणात तिसरा प्रश्न कुणी विचारत नाहीये: अपघात असेल तर तो होऊ कुणी दिला? सीटचा स्विच वायर जोडून कायमचा चालू ठेवला होता का? माळी कचरा उचलायला उतरला की इंजिन बंद पडतं आणि काम थांबतं, म्हणून असं करून ठेवतात. काही गाड्यांना चालकाच्या मागे लोखंडी कमान असते, गाडी उलटली तर माणूस चिरडू नये म्हणून. ती कमान उभी असेल तर पट्टा बांधायचा आणि दुमडलेली असेल तर पट्टा मुळीच बांधायचा नाही, कारण मग पट्टा माणसाला गाडीशीच जखडून ठेवतो. मॅरेज गार्डनमध्ये मांडवाचे पाइप आणि लायटिंगच्या वायरी डोक्यावर असतात, तिथे कमान दुमडून ठेवलेली असणं मला अजिबात अशक्य वाटत नाही. कमान होती का, उभी होती का, पट्टा बांधलेला होता का, हे विचार. तुळशीचं लग्न झालं की लग्नांचे मांडव उभे राहायला लागतात. ओल्या मातीवर, तळ्याच्या काठापर्यंत आजच गवत कापून हवं, असं त्याला कुणी सांगितलं होतं का? गाडीवर तो एकटाच होता का, आणि तो पडल्याचं कुणाला किती वेळाने कळलं?

यातलं काही खरं निघालं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा होऊ शकतो, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. आणि गुन्हा सिद्ध होवो न होवो, कामावर असताना कामामुळे अपघाती मृत्यू आला तर घरच्यांना भरपाई देण्याची जबाबदारी आपल्या कायद्याने १९२३ पासून मालकावर टाकली आहे. त्यासाठी मालकाची चूक दाखवावी लागत नाही. तो माणूस तिथे कामाला होता हे मात्र दाखवावं लागतं. हजेरीचं रजिस्टर, पगार दिल्याची नोंद, मोबाइलवरचे निरोप, सगळं आज आहे. घातपाताच्या चर्चेत महिना गेला तर यातलं काय उरेल याचा तू विचार कर.

तर उद्या पोलीस ठाण्यात जाशील तेव्हा चावी, कमान, पट्टा, सीटचा स्विच आणि उताराचं माप यांबद्दल विचार, आणि गाडी जप्त केली आहे का हे सगळ्यात आधी विचार. ती गॅरेजमध्ये दुरुस्तीला गेली तर स्विचची वायर पुन्हा जागेवर येईल. बातमीत काय दिसलं, कुणी सांगितलं आणि काय अजून बाकी आहे एवढंच लिही. शीर्षकात "संशयास्पद" घालायचा आग्रह झाला, तर संशय कुणाचा आणि कशावरून हे त्याच ओळीत लिहायला मिळणार असेल तरच मान. नंतर त्या बाईंकडे जा, वही खिशात ठेवून. राज्याच्या श्रमायुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे, तिथे भरपाईसाठी कुणाला भेटायचं ते आधी विचारून घे आणि त्या बाईंना कागदावर लिहून दे. पगार रोख मिळत असेल तर सोबत काम करणाऱ्या दोघांची नावंही त्याच कागदावर लिहून ठेवायला सांग.

तुझी
मावशी