गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर आतून दिलेला किरणोपचार: वर्षा-दोन वर्षांनी दिसणारे परिणाम

ताई, तुमचे वय ४१ आहे, बाहेरून २५ वेळा आणि आतून ४ वेळा किरणोपचार घेऊन चौदा महिने झाले आहेत आणि गेल्या महिन्यापासून शौचावाटे अधूनमधून ताजे रक्त दिसते आहे. आजार उलटला आहे का, आतल्या उपचाराचे आणखी काय काय पुढे निघू शकते आणि शरीरसंबंधांचे काय, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी डॉक्टर नाही. याच आजारातून याच उपचाराने बरी झालेली बाई आहे, आणि बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर शेजारी बसणाऱ्या बायकांशी अनेक वर्षे बोलत आले आहे. लिहिते ते त्या आधारावर.

आधी रक्ताविषयी. किरणोपचारामुळे गुदाशयाला होणारा दाह साधारणपणे सहा महिने ते दोन वर्षे या काळात डोके वर काढतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत तोच असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही तपासणी टाळू नका आणि मूळव्याध समजून दुकानातून मलम आणून लावत बसू नका. मात्र दुर्बिणीची तपासणी जो कोणी करणार असेल त्याला, टेबलावर झोपण्यापूर्वीच, ओटीपोटाला किरणोपचार झाल्याचे स्पष्ट सांगा. गुदाशयाची पुढची भिंत योनीमार्गाला लागून असते आणि किरणांची सर्वाधिक मात्रा तिलाच मिळालेली असते. तिथला तुकडा तपासणीसाठी काढला तर ती जखम भरून न येण्याची आणि कधीकधी आरपार भोक पडण्याची भीती असते, म्हणून जाणकार डॉक्टर ठोस संशय असल्याशिवाय त्या जागेला हात लावत नाहीत. गावातल्या किंवा नव्या डॉक्टरला तुमचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल तर हा धोका खरा आहे.

असे का होते ते समजले की बाकीचे परिणामही समजतात. आतल्या उपचारात गर्भाशयाच्या पोकळीत एक बारीक नळी आणि गर्भाशयमुखाला टेकून दोन गोलसर भाग किंवा एक कडे बसवतात. मग यंत्र तारेच्या टोकाला असलेला इरिडियम-१९२ किंवा कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचा छोटा कण त्यांतून काही मिनिटे फिरवून परत आत ओढून घेते. (तो परत गेला की अंगात काहीही किरणोत्सर्गी उरत नाही, घरातल्या लहान मुलांना जवळ घ्यायला बायका घाबरतात, त्याची काही गरज नाही.) त्या कणापासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळेच बाहेरून देता येणार नाही एवढी मोठी मात्रा गाठीला देता येते, आणि त्याच कारणाने मागचा गुदाशय, पुढचे मूत्राशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग हे जवळचे अवयव तिच्या तडाख्यात येतात. गुदाशय आणि मूत्राशय दूर सारण्यासाठी आत गॉजची पट्टी ठासून भरतात. तुम्हालाही ती आठवत असेल, कारण काढताना तीच जास्त दुखते. एवढे करूनही जी मात्रा शेजारी पोहोचते तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर महिनोन्महिने जाड होत जाते, रक्तपुरवठा घटतो, पेशीजालाचा मऊपणा जाऊन ते घट्ट होते आणि पृष्ठभागावर नाजूक, सहज फुटणाऱ्या केशवाहिन्या उगवतात. उपचार संपताना सगळे ठीक वाटते आणि वर्षभराने त्रास सुरू होतो, तो यामुळे.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक अभ्यास सांगते. एमआरआय पाहून आतल्या मात्रेची आखणी करण्याच्या पद्धतीवर 'एम्ब्रेस' नावाचा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला; त्यात २००८ ते २०१५ या काळात रुग्ण घेतले गेले आणि मुंबईचे टाटा रुग्णालयही त्यात सहभागी होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर मूळ जागेचा आजार ९२ टक्के रुग्णांमध्ये आटोक्यात होता. गंभीर स्वरूपाचे परिणाम पाच वर्षांत आतड्यांच्या बाबतीत ८.५ टक्के, मूत्रमार्गाच्या बाबतीत ६.८ टक्के, योनीमार्गाच्या बाबतीत ५.७ टक्के आणि भगंदरासारखी आरपार वाट पडण्याच्या बाबतीत ३.२ टक्के होते. हे आकडे गंभीर परिणामांचे आहेत. सौम्य त्रास याहून कितीतरी अधिक जणींना होतो, आणि तुमचे रक्तही बहुधा त्यातच मोडेल. मधुमेह, पोटाची आधी झालेली शस्त्रक्रिया आणि धूम्रपान यांमुळे धोका वाढतो. आपल्याकडे बहुतेक बायका विडी ओढत नाहीत पण मिसरी लावतात. ती लावत असाल तर या निमित्ताने सोडाच.

गुदाशयाच्या रक्तावर उपाय आहेत. थोडेसे रक्त असेल, हिमोग्लोबिन उतरत नसेल, तर बद्धकोष्ठता होऊ न देणे आणि वाट पाहणे एवढेच सांगितले जाते, आणि अनेकींचे रक्त त्यावरच थांबते. जास्त असेल तर सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा देतात, म्हणजे ते गुदद्वारातून आत सोडतात, आणि त्यानेही न थांबल्यास दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने फुटक्या केशवाहिन्या जाळतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा. शौचाला वारंवार पातळ होत असेल तर मात्र आतल्या उपचाराला दोष देऊन थांबू नका: बाहेरच्या किरणांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला इजा झाली की पित्त नीट शोषले जात नाही आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. दोन्हींवर साधी औषधे आहेत, फक्त तशी तपासणी करा असे कोणीतरी म्हणावे लागते.

मूत्राशयाचा त्रास उशिराने येतो, कधीकधी पाच-दहा वर्षांनीसुद्धा. लघवीला वारंवार जावे लागणे, रोखता न येणे, लाल लघवी होणे ही त्याची लक्षणे. दर वेळी जंतुसंसर्ग गृहीत धरून अँटिबायोटिकचा कोर्स घेऊ नका. आधी लघवीचे कल्चर, म्हणजे तिच्यात खरोखर जंतू आहेत का ती तपासणी, करा. रक्ताच्या गाठी येऊन लघवी तुंबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. मूत्रवाहिनी हळूहळू अरुंद होणे हा प्रकार विरळा आहे, पण तो दुखत नाही आणि मूत्रपिंड गुपचूप सुजत जाते. म्हणून वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्यावी असे माझे मत आहे. आणि योनीमार्गातून लघवी किंवा शौच येत असल्याचे जाणवले तर लाजून घरी बसू नका.

आता ज्याविषयी कोणी आपणहून बोलत नाही ते. उपचारानंतर योनीमार्ग कोरडा पडतो, त्याच्या वरच्या भागाच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि तो आखूड व अरुंद होतो. यातले बरेचसे पहिल्या एक-दोन वर्षांत घडते. हे टाळण्यासाठी डायलेटर वापरतात: लहानापासून मोठ्यापर्यंत चार-पाच आकारांच्या गुळगुळीत, एका टोकाला गोल केलेल्या प्लास्टिकच्या किंवा सिलिकॉनच्या कांड्या. मला त्या पडद्याआड एका सिस्टरने दाखवल्या. पाण्यात विरघळणारी जेली लावायची, पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, श्वास सोडताना सावकाश आत न्यायचे, जोर करायचा नाही, पाच-दहा मिनिटे ठेवून हलके फिरवत काढायचे, हे तिने दोन वाक्यांत सांगितले. सुरुवात उपचार संपल्यावर महिना-दीड महिन्याने आणि आठवड्यातून दोन-तीनदा, अशी साधारण पद्धत आहे. तुम्हाला चौदा महिन्यांत कोणी सांगितले नसेल तरी अजून उपयोग आहे, मात्र आधी तपासून घ्या आणि सर्वांत लहान आकारापासून सुरू करा. कांडीवर गुलाबी रेघ दिसली तर घाबरू नका. भळाभळा रक्त आले किंवा बंद झालेले रक्त पुन्हा अंगावरून जाऊ लागले तर तपासणी हवी. नवरा नसलेल्या किंवा संबंध नको असलेल्या बायकांनाही हे लागू आहे, कारण मार्ग बंद झाला तर डॉक्टरांना गर्भाशयमुख पाहताच येत नाही.

शरीरसंबंध ठेवायला हरकत नाही. त्यातून यजमानांना कर्करोग लागत नाही, किरणेही जात नाहीत. दुखत असेल तर तसे सांगण्याची मुभा तुम्हाला आहे आणि ऐकण्याची जबाबदारी त्यांची आहे; पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडून त्यांच्या कानावर जाईल. कोरडेपणासाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेन मलम मिळते, ते विचारून घ्या.

पाळी गेली असेल तर ती मुख्यतः बाहेरच्या किरणांनी अंडाशय थांबल्यामुळे. ४१ व्या वर्षी ती जाणे म्हणजे केवळ अंगातून वाफा येणे नव्हे. हाडे आणि हृदय यांवरही त्याचा परिणाम होतो. तुमचा कर्करोग स्क्वॅमस (वरच्या थराच्या चपट्या पेशींतून निघणाऱ्या) प्रकारचा असेल तर हार्मोनच्या गोळ्या घेता येतात. गर्भाशय जागेवर असल्याने इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागते. अनेक डॉक्टर 'कर्करोग' हा शब्द ऐकूनच नकार देतात, तेव्हा हा प्रश्न किरणोपचार तज्ज्ञालाच विचारा. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या बाजूला एकाएकी दुखू लागले तर हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि स्कॅनवर तो पसरलेल्या कर्करोगासारखा दिसू शकतो. अहवाल वाचून हातपाय गाळण्याआधी तो किरणोपचार तज्ज्ञाला दाखवा.

शेवटी कागदांचे. डिस्चार्ज कार्डावर अनेकदा नुसते 'आतून ४' एवढेच लिहिलेले असते. रुग्णालयाकडून उपचाराचा सविस्तर सारांश मागून घ्या: बाहेरची एकूण मात्रा, आतली प्रत्येक वेळची मात्रा आणि तारखा, तसेच गुदाशय व मूत्राशय यांना मिळालेली मात्रा. कार्डावर ही माहिती नसली तर ती विभागातल्या फिजिसिस्टच्या, म्हणजे मात्रेचे गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाच्या, आखणीत सापडते. त्याची एक प्रत फाईलमध्ये आणि एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि आता गुदाशयाच्या तपासणीला जाताना तीच आधी टेबलावर ठेवा.