४० हजारांत लांब पल्ल्यासाठी कोणती रोड बाईक घ्यावी? (नागपूर)

तुम्ही लिहिलंय की ४० हजार जमवलेत, या हिवाळ्यात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे, आणि दुकानात बारीक टायरची एक रेसिंग सायकल मनात भरली आहे. ती घ्यावी का, की सेकंडहँड बघावी?

ती घेऊ नका. आधी बीआरएमचं गणित बघा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला २० तास. चहा, जेवण, पंक्चर सगळं त्यातच. म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटर पडली तरी काम होतं. हा वेग साधी सायकलही देते. अवघड असतं ते तेरा तास त्याच सीटवर बसून राहणं. म्हणून सायकल अंगाला बसते का, हे सगळ्यात आधी बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझी पहिली रोड बाईक एक साइज मोठी होती. माझ्या मापाची दुकानात नव्हती, मोठीवर सूट होती, आणि ‘सीट खाली घेतली की जमून जाते’ असं मला सांगितलं गेलं. सीट खाली जाते हो, पण हँडल जवळ येत नाही! अमरावती रोडने बाजारगावपर्यंत छान वाटायचं. कोंढाळी आली की मान आखडायची, करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) लावला, मग सीट पुढे सरकवली, तर गुडघा दुखायला लागला. एक हिवाळा असाच गेला आणि सायकल तोट्यात विकली.

तेव्हा आज घरी एवढं करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक वर घट्ट दाबून धरा, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. हा तुमचा इनसीम. त्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडलचे दांडे ज्या मधल्या धुरीवर फिरतात तिच्या केंद्रापासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंतची उंची साधारण कळते. इनसीम ८० सेंटिमीटर असेल तर ती साडेसत्तरच्या आसपास येते. दोन साइजच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमला लांब स्टेम लावून वाढवता येतं, मोठी कमी करायला फारसा वाव नसतो.

मग टायर. फ्रेममध्ये किमान २८ मिलिमीटरचा टायर बसायला हवा, ३२ बसत असेल तर उत्तमच. दुकानदाराला नुसतं विचारू नका, ब्रेक आणि टायरच्या मध्ये किती जागा उरते ते स्वतः वाकून बघा. शहराबाहेरचे रस्ते कुठे गुळगुळीत, कुठे उखडलेले, आणि आपल्याकडे सर्वात मोठा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. काटा काढताना त्याचं टोक टायरमध्येच मोडून राहतं. नवी ट्यूब टाकली की दहा किलोमीटरवर पुन्हा फुस्स. म्हणून ट्यूब बदलताना टायर आतून फडक्याने पुसून घ्या, जिथे फडकं अडकेल तिथे काटा. बहुतेक रोड बाईकचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असतो. गावातल्या पंक्चरवाल्याच्या हवेच्या पाइपला तो बसत नाही. नाण्याएवढा पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, तो वॉल्व्हवरच लावून ठेवा.

गिअरसाठी जास्त पैसे मोजू नका. शिमानो कंपनीचा क्लॅरिस गिअर सेट, मागे आठ गिअरवाला, या कामाला भरपूर आहे. नागपूरच्या आसपास चढ असे नाहीतच. पुढेमागे चिखलदऱ्याचा घाट मनात असेल तर पुढची लहान चकती ३४ दात्यांची आणि मागची सर्वात मोठी ३२ ची बघा. मात्र एक विचारून घ्या: मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच कॅसेट प्रकारचा आहे की फ्रीव्हील? अगदी स्वस्त सायकलींना सात गिअरचं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, अ‍ॅक्सलचं टोक आधाराविना उरतं, आणि खड्ड्यांत ते वाकू शकतं. कॅसेटच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) बेअरिंग बाहेरच्या टोकाजवळ असतं.

सेकंडहँड जरूर बघा, या बजेटमध्ये चांगली सायकल बहुतेकदा तिथेच सापडते. पण अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. कार्बनची तडा गेलेली फ्रेम वरून चांगली दिसू शकते, ओळखायला जाणकार लागतो. चाक हवेत फिरवून ब्रेकजवळ डगमगतं का बघा, क्रँक (पॅडलचा दांडा) धरून आडवा हलवून सैल आहे का बघा, तडा आहे का ते बघायला फ्रेमच्या जोडांवर नख फिरवा. चेन घासलेली असेल तर कॅसेटचाही खर्च धरा. आणि मूळ बिल मागा. बिल नसेल तर सोडून द्या, कोणाची तरी चोरीला गेलेली निघायची.

सायकलवर ३० हजारांच्या वर जाऊ नका. उरलेले दहा हेल्मेट, पॅडवाली शॉर्ट, पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, दोन ट्यूब, छोटा पंप आणि दोन बाटल्यांत सहज संपतात. पॅडच्या शॉर्टमध्ये काटकसर करू नका, तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका.

ऑक्टोबरमध्ये पहाटे रामटेक करून या, जाऊन-येऊन शंभरच्या आसपास होतं. मान किंवा हात दुखले तर बीआरएमचे पैसे भरण्याआधी स्टेम बदला. सायकल ठरवण्याआधी तुमची उंची आणि इनसीम इथे लिहा, त्या मॉडेलचा साइज चार्ट बघून सांगतो.