ब्रिस्टलचे ‘रेकॉर्डर’ : अभिलेखपाल की आणखी कोणी?

विचारणा अशी आहे : डेन्स बॅरिंग्टन (१७२७–१८००) यांच्या चरित्राच्या भाषांतरात ‘ते ब्रिस्टलचे अभिलेखपाल होते’ असं वाक्य आलंय. ‘रेकॉर्डर’साठी हा शब्द चालेल का?

अजिबात नाही. अभिलेखपाल म्हटलं की दप्तरखान्यात फायली सांभाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. बॅरिंग्टन व्हायकाउंटचे (एका इंग्रज उमरावाचे) चिरंजीव, पेशाने बॅरिस्टर, वेल्समध्ये न्यायाधीश. १७६४ साली ते ब्रिस्टलचे रेकॉर्डर झाले. रेकॉर्डर म्हणजे नगराने नेमलेला कायदेपंडित. शहराच्या न्यायासनावर तो बसे, मेयर-अल्डरमन (महापौर आणि ज्येष्ठ नगरसेवक) मंडळींना सल्लाही देई.

मग यात ‘रेकॉर्ड’ कुठून आलं? मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘आठवणे’, आणि त्याच्या पोटात ‘कोर’ म्हणजे हृदय. लंडन शहराची अमुक बाबतीतली रूढी काय, असा वाद वरच्या कोर्टात निघाला की रेकॉर्डरने ती तोंडी सांगायची, आणि तेच प्रमाण! लिहून ठेवण्याचा अर्थ मागाहून वरचढ झाला.

मुंबईतही हा शब्द नांदून गेलाय. १७९८ मध्ये इथे मेयर्स कोर्टाच्या जागी रेकॉर्डर्स कोर्ट आलं. जेम्स मॅकिंटॉश त्याचेच रेकॉर्डर होते. १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट सुरू झालं आणि ते पद गेलं. तेव्हा ‘रेकॉर्डर’ तसाच ठेवावा, पहिल्या उल्लेखापाशी ‘नगराचे न्यायाधिकारी’ एवढा खुलासा करावा.

पुढे आणखी एक खड्डा आहे. बॅरिंग्टन यांनी ब्रिस्टलचं पद लवकरच सोडलं, आणि गृहस्थ भलतेच चौकस! इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधली जुनी कॉर्निश भाषा बोलणारं कोणी उरलंय का, हे शोधत १७६८ मध्ये ते माउझल गावच्या डॉली पेंट्रीथपर्यंत पोचले. लंडनला आलेल्या छोट्या मोझार्टची त्यांनी परीक्षा घेतली. १७७३ च्या पक्षिगायनावरच्या निबंधात ते सांगतात, की पिल्लू पुढच्या गाण्याचे तुकडे घोळवू लागलं की पारधी त्याला ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात, आणि हा शब्द बहुधा रेकॉर्डर नावाच्या बासरीवरून आला असावा. (कोशकार उलटं मानतात : सूर घोटण्याचं क्रियापद आधी, बासरीचं नाव नंतर.) तिथे कृपया ‘ध्वनिमुद्रण’ लिहू नका. सरळ ‘रियाज’ लिहा.