चाळणी, छाननी की विचारपूस?

एका वाचक भगिनींची शंका आहे. सामान्य रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांसाठी त्या एक प्रश्नावली मराठीत आणताहेत. मारहाण, छळ, अत्याचार सोसलेल्या माणसाच्या मनावर झालेला परिणाम वेळीच लक्षात यावा, हा तिचा हेतू. मथळा ठरला आहे : ‘हिंसेशी संबंधित मानसिक समस्यांसाठी रुग्णांची छाननी’. त्या विचारतात, ‘स्क्रीनिंग’ला छाननी बरोबर की चाळणी?

माझं मत आधीच सांगतो. अहवालात ‘चाळणी तपासणी’ लिहा. रुग्णाच्या हातात जाणाऱ्या कागदावर मात्र दोन्ही शब्द नकोत.

छाननी म्हटलं की अर्ज आठवतात, आणि छाननीत अर्ज बाद होतात. चाळणीचंही तसंच. पीठ खाली पडतं, कोंडा वर उरतो, तो आपण टाकून देतो. ‘चाळणी परीक्षा’ हा शब्द रुळला तोही उमेदवार कमी करण्यासाठीच. रुग्णालयात मात्र चाळणीत जो अडकला त्याच्याकडेच अधिक लक्ष द्यायचं असतं, म्हणजे प्रतिमा नेमकी उलटी पडते. तरीही डॉक्टरांच्या आपसातल्या वापराला मी चाळणीच पसंत करतो, कारण चाळणी निदान करत नाही. वर उरलं ते सगळं खडेच असं नाही, आणि एखादा बारीक खडा खालीही निसटतो. नैराश्यासाठीची ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली घ्या. मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांनी नीट बसून बोलायचं, एवढाच त्याचा अर्थ. ‘तुम्हाला नैराश्य आहे’ असा नव्हे. नुसतं ‘तपासणी’ लिहिलं की हा फरक पुसला जातो.

‘पडताळणी’ कोणी सुचवली तर ठाम नकार द्या. पडताळणी कागदपत्रांची होते, दाव्याची होते. आधीच ‘माझं कोण खरं मानेल’ या भीतीने गप्प असलेल्या माणसाला तो शब्द आणखी गप्प करील. ‘चाचपणी’ही नको. तिच्यात स्पर्श आहे, आणि ज्याच्या शरीराची मर्यादा कुणी मोडली आहे त्याला तो शब्द सुखाचा नाही.

मथळ्यातला ‘समस्यांसाठी’ही खटकतो. ही इंग्रजी वाक्यरचना आहे. ‘साठी’ने मराठीत हेतू किंवा लाभ कळतो, त्यामुळे समस्या व्हाव्यात म्हणून छाननी, असं काहीसं ऐकू येतं.

आता सर्वांत नाजूक शब्द : विकृती. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली मनोविकारांच्या आपल्या वर्गीकरणात ‘पीटीएसडी’ (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) हे जे निदान समाविष्ट केलं, ते मराठीत कधी कधी ‘आघातोत्तर तणाव विकृती’ असं लिहिलं जातं. पण बोलीत विकृत कोणाला म्हणतात? अत्याचार करणाऱ्याला. तोच शब्द सोसणाऱ्याच्या कागदावर उमटावा, हे मला सहन होत नाही. ‘आघातानंतरचा ताणविकार’ म्हणा. रुग्णाशी बोलताना तर ‘धसका’ हा जुना, सगळ्यांना कळणारा शब्द आहेच. धसका बसलेला माणूस दचकून जागा होतो, साध्या आवाजाने चमकतो, ती वाट, ती खोली टाळतो. प्रश्नावलीला हवं ते सगळं त्यात आहे.

प्रश्नांची भाषाही तपासा. ओळखीच्या एका परिचारिकेने सांगितलेला प्रसंग. मनगटाला प्लास्टर घातलेल्या बाईंना तिने कागदावरचा प्रश्न वाचून दाखवला, ‘तुमच्यावर घरात हिंसा होते का?’ उत्तर आलं, ‘छे, तसलं काही नाही.’ थोड्या वेळाने तिने आपल्या भाषेत विचारलं, ‘घरात कोणी हात उचलतं का?’ बाई म्हणाल्या, ‘उचलतात की. पण रागात असले तरच.’ हिंसा हा वर्तमानपत्राचा शब्द आहे, घरातला नाही. मात्र इथेही छटा सांभाळा. ‘हात उगारला’ म्हणजे धाक दाखवला, कदाचित मारलं नाही. ‘हात उचलला’ म्हणजे मारलं. ‘अंगावर हात टाकला’ म्हटलं की लैंगिक अत्याचाराचाही अर्थ निघतो. तिन्ही एका प्रश्नात कोंबू नका.

आणि सोबत कोणी असताना यातलं काहीच विचारू नका. जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेबद्दलच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने सरसकट प्रत्येकीला हे विचारावं असं म्हटलेलं नाही. खुणा दिसल्या तर विचारा, पण एकांत, प्रशिक्षण आणि पुढच्या मदतीची सोय असेल तरच, असा तिचा आग्रह आहे. म्हणून कागदावर ‘एकट्याने भरावयाचा’ असं छापणं पुरेसं नाही. तो हातात देण्याआधी सोबतच्या माणसाला बाहेर थांबायला सांगावं लागेल.

रुग्णाच्या कागदासाठी मला ‘विचारपूस’ हा शब्द योग्य वाटतो. चौकशी आस्थेची असते तशी पोलिसांचीही असते. विचारपूस मात्र आपुलकीनेच होते. मथळा असा करून पाहा : ‘तुमच्या तब्येतीची आणि मनाची विचारपूस’. खाली एक ओळ : ‘मारहाण, धाक किंवा छळ सोसावा लागला, तर झोप, भूक, मन यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून आम्ही हे विचारतो. नको वाटेल तो प्रश्न सोडून द्या.’